आज पाणी कुठपर्यंत?

परवा कंपनीत एका ऑपरेटरने बिघडवलेले पार्ट माझ्या नावावर ढकलले, दोनशे चाळीस नग रिजेक्ट आणि टॅगवर माझी सही नाहीच. मी चिडलो. कोणीही चिडेल. घरी येऊन हिला सांगायला लागलो तर सांगता सांगता परत आवाज चढला, आणि आतून आई म्हणाली, "गोळी घेतली का रे?"

झालं. बाकीच्यांना राग येतो, मला सिम्प्टम येतो.

मी छत्तीस वर्षांचा, नाशिकला अंबडमध्ये एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, जेल रोडला राहतो. अण्णा प्रेसमधून रिटायर झालेत, आई, बायको आणि सहा वर्षांची पोरगी. मला बायपोलर आहे, म्हणजे मूड आठवडेच्या आठवडे एकदम वर नाहीतर एकदम खाली जातो, आणि सोबत बॉर्डरलाईन पर्सनॅलिटी डिसऑर्डर पण आहे, त्यात भावना तासाभरात उसळतात आणि नाती टोकाला जातात. बायपोलर सांगितलं तर लोकांना आता थोडंफार कळतं, निदान ऐकलेलं तरी असतं. दुसऱ्याचं नाव घेतलं की गोंधळ. अण्णांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बॉर्डरलाईन म्हणजे अजून झालेला नाही ना? माझ्या शुगरसारखं, पथ्य पाळलं की राहील." मला इतकं हसू आलं, त्या सगळ्या वर्षात तेवढंच एक खरं हसू.

सुरुवात २०२२ च्या पावसाळ्यात झाली असं मी सगळ्यांना सांगतो, खरी फार आधीची असणार. त्या पावसाळ्यात मी कंपनीच्या बसमध्ये बसायचो आणि स्टॉप आला तरी उठावंसं वाटायचं नाही. एकच पार्ट तीन तीन वेळा मोजायचो कारण रीडिंग डोक्यात राहायचंच नाही. जेवण जाईना, पोरगी अंगावर आली की बाजूला करायचो. फॅमिली डॉक्टर म्हणाले विकनेस आहे, बी-१२ ची इंजेक्शनं घेतली. आत्या म्हणाली नजर आहे. त्र्यंबकला जाऊन कालसर्प शांती पण केली, त्याने आईला बरं वाटलं, आणि तिला बरं वाटलेलं बघून मला अजून वाईट वाटलं कारण मला काहीच वाटत नव्हतं.

जानेवारीत एका मानसोपचार डॉक्टरांकडे गेलो. दहा मिनिटं झाली असतील. झोप, भूक, रडू येतं का, मरणाचे विचार येतात का. डिप्रेशन म्हणाले, गोळी दिली. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही, की याच्या उलट कधी झालंय का, म्हणजे काही दिवस झोप न लागता पण दमल्यासारखं न वाटता, खूप जोरात, खूप भारी. आणि मी पण सांगितलं नाही. कशाला सांगू, डॉक्टरकडे जाऊन चांगल्या दिवसांची तक्रार कोण करतं? २०१६ ला मी आठ दहा दिवस रोज तीन तास झोपून डबल शिफ्ट मारली होती, पगार यायच्या आधी गाडी बुक केली होती, सगळ्या मित्रांना उधार दिलं होतं. घरात ते अजून "तेव्हा कसा कामाचा होता पोरगा" म्हणून सांगतात.

हे नंतर कळलं की बायपोलरच्या माणसाला नुसती डिप्रेशनची गोळी दिली, मूड धरून ठेवणारी गोळी सोबत नसली, तर काही जणांचं गाडं उलटं पळत सुटतं. माझं सुटलं. त्यात फेब्रुवारीत मला थर्ड शिफ्ट लागली. झोपेचं वेळापत्रक मोडणं हे बायपोलरमध्ये पेट्रोलवर काडी टाकण्यासारखं असतं आणि मी तर बरं वाटतंय म्हणून स्वतःहून जादा नाईट मागून घेत होतो.

२०२३ चा मार्च. द्राक्षाचा सीझन. मला साक्षात्कार झाला की नाशिकचे शेतकरी मूर्ख आहेत आणि बेदाण्याचं खरं गणित फक्त मला कळलंय. दिंडोरीकडे बाईकवर रोज चकरा, अनोळखी माणसाच्या बागेत घुसून त्याला भाव समजावून सांगायचो, मोबाईलवरून साडेतीन लाखाचं पर्सनल लोन काढलं, त्यातले दोन लाख एका जागेचा टोकन म्हणून देऊन आलो, पावती न घेता. रात्री झोप दोन तास. बोलण्याचा स्पीड असा की ही म्हणायची अहो श्वास घ्या. मधेच एकदम रडायचो, मधेच भांडायचो. मला स्वतःला मात्र वाटत होतं की आयुष्यात पहिल्यांदा डोकं नीट चालतंय. हे ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगणं अवघड आहे. आजारी वाटतच नाही. उलट बाकी सगळे स्लो झालेत असं वाटतं.

रंगपंचमीला मी रहाडीत उतरलो. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, रहाड म्हणजे जुन्या नाशकातले पेशवेकाळापासूनचे दगडी हौद, वर्षभर बुजवून ठेवतात आणि रंगपंचमीला उघडून रंगाच्या पाण्याने भरतात, त्यात धप्पा मारायचा. लहानपणापासून जातोय. पण त्या दिवशी मी बाहेरच येईना. धप्पा, वर, परत धप्पा. लोक आधी हसले, मग ओरडले, मग दोन पोरांनी काखेत धरून बाहेर काढलं. मी त्यांना सांगत होतो की मला पाण्याखाली बेदाण्याचा हिशोब लागतोय. घरी आलो तो अंगभर रंग तसाच, रात्री तीन वाजता अण्णांना उठवलं आणि पेन्शनचे पैसे गुंतवा म्हणून त्यांच्या कपाटाच्या किल्लीसाठी ओढाताण केली. अण्णा पडले. हात मोडला नाही, नशीब.

दुसऱ्या दिवशी ॲडमिट केलं. मी सही केली नव्हती, हिने केली, कायद्यात त्याची सोय आहे आणि त्याला नीट प्रक्रिया आहे, पण तेव्हा मला वाटलं की बायको फितूर झाली. अकरा दिवस. पहिले तीन आठवतच नाहीत. चौथ्या दिवशी आंघोळ करताना कानामागून रंग निघाला तेव्हा काहीतरी लक्षात यायला लागलं.

तिथून ज्या मॅडमकडे गेलो त्या अजून माझ्या डॉक्टर आहेत. त्यांनी पहिल्या भेटीत दीड तास घेतला, मला बाहेर बसवून हिला वेगळं विचारलं, ताईला फोन लावला, २०१६ चं सगळं काढलं, आजोळी एक मामा "मधेच साधू व्हायचा आणि मधेच दुकान टाकायचा" ते पण काढलं. बायपोलर, टाईप वन, म्हणजे मूड एकदम वर जाऊन पूर्ण मॅनिया होतो तो प्रकार. डिप्रेशनची गोळी बंद, मूड धरून ठेवणारं लिथियम चालू, सोबत काही महिने मॅनिया उतरवायला ओलान्झापिन. या ओलान्झापिनने आठ किलो वाढलो. एका बैठकीत मिसळीबरोबर सहा पाव. तरी पोटात खड्डा.

लिथियमबद्दल थोडं जास्त लिहितो कारण लोक या गोळीला फार घाबरतात आणि घाबरायच्या जागी घाबरत नाहीत. हे एक साधं मीठ आहे, खाणीतून निघणारं. १९४९ मध्ये जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने मॅनियाच्या पेशंटवर त्याचा परिणाम छापला आणि तेव्हापासून आजतागायत ते चालूच आहे. रक्तातली लेव्हल बघावी लागते, माझी मॅडम ०.६ ते ०.८ मध्ये ठेवतात. टेस्ट रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी करायची, सकाळची गोळी न घेता. पहिल्या वेळी मी गोळी खाऊन गेलो आणि रिपोर्ट वर आला, सगळी धावपळ फुकट. शिवाय थायरॉईड आणि किडनीसाठी क्रिएटिनिन अधूनमधून, कारण ते दोन्ही हळूहळू बिघडू शकतात. तहान लागते. हात थरथरतो. आता मी मायक्रोमीटर धरणारा माणूस, चहाचा कप बशीत वाजतो तिथे पार्ट कसा मोजणार? त्यासाठी वेगळी छोटी गोळी मिळाली, प्रोप्रानोलॉल, थरथर निम्म्यावर आली. सुपरवायझरला मी थायरॉईड सांगितलंय. अर्धसत्य. मॅडमच्या सर्टिफिकेटवर फक्त "नाईट शिफ्ट टाळावी" एवढंच आहे, त्यावर थर्ड शिफ्ट कायमची बंद झाली, आणि मला विचाराल तर लिथियमइतकाच त्या एका ओळीचा उपयोग झालाय.

ॲडमिशनचा क्लेम मेडिक्लेमवाल्यांनी आधी फेटाळला, मानसिक आजार बसत नाही म्हणून. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की शारीरिक आजाराला जो नियम तोच मानसिक आजाराला, कलम २१. ताईने ते कलम छापून अर्जाला जोडलं. चार महिन्यांनी पैसे आले, सगळे नाही. दिंडोरीचे दोन लाख मात्र गेले ते गेलेच. लोनचा हप्ता अजून कापला जातो.

आता खरी गोष्ट. लिथियमने मॅनिया गेला. मोठं डिप्रेशन पण परत त्या लेव्हलचं आलं नाही. सगळ्यांना वाटलं सुटलो. पण घरात शांतता नव्हती. ही सिन्नरला माहेरी गेली आणि मेसेजला दोन निळ्या टिका येऊन उत्तर आलं नाही की माझ्या छातीत कोणीतरी मूठ आवळल्यासारखं व्हायचं. पाच मिनिटांत चार मेसेज. दहा मिनिटांत फोन. अर्ध्या तासात "तू मला सोडून जाणार आहेस, आत्ताच सांग." ती भाकऱ्या थापत असायची, बास. ती परत आली की तिच्यासारखी बाई जगात नाही. दुसऱ्या दिवशी तिने भावाची बाजू घेतली की तिच्यासारखी कपटी बाई नाही. मधलं काही नाहीच. भिंतीवर फोन फोडले, तीन. स्वतःला इजा करून घ्यायचो, कशी ते लिहिणार नाही, वाचणाऱ्यांत माझ्यासारखं कोणी असेल तर त्याला नकोच ते. आणि हे सगळं झालं की एक रिकामेपण. दुःख नाही. दुःखात काहीतरी असतं तरी. हे म्हणजे लग्न आटोपल्यावर मंडप काढायच्या आधीचं कार्यालय.

घरच्यांना वाटायचं बायपोलर उसळला, लिथियम वाढवा. मला पण तेच वाटायचं, आणि खरं सांगतो, मला ते सोयीचं होतं. फोन फोडला तो आजाराने फोडला. मॅडमनी डोस वाढवला नाही. त्यांनी शंभर पानी वही आणायला सांगितली आणि त्यात रोज तीनच गोष्टी लिहायच्या म्हणाल्या: किती वेळ टिकलं, आधी काय झालं होतं, आणि रात्री झोप किती.

सव्वा वर्ष थांबल्या त्या. मी विचारलं पण एकदा की दुसरं काही आहे का, तर म्हणाल्या मूड वर किंवा खाली असताना माणसाच्या स्वभावाबद्दल बोलायचं नसतं, पाणी आधी निवळू दे. मधे एक भलताच घोळ झाला तो पण सांगतो. २०२४ च्या चैत्रात कंपनीतल्या पोरांबरोबर वणीच्या गडावर पायी निघालो. साठेक किलोमीटर, एप्रिलचं ऊन, अंगाचं पाणी पाणी. दुसऱ्या दिवशी गुडघे धरले म्हणून वाटेत मेडिकलमधून पेनकिलर घेतली, दिवसभरात तीन. संध्याकाळपर्यंत जुलाब, हात असे थडथड की बाटली तोंडाला लागेना, चालताना तोल जातोय, बोलणं जड. पोरं म्हणाली उन्हाचा चटका. हिला फोनवर माझी जीभ जड वाटली आणि तिने थेट मॅडमना लावला. लेव्हल १.६ निघाली. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी लिथियमला मीठ समजून धरून ठेवते, त्यात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलरने अजूनच साठतं. सलाईन लावून दोन दिवस ठेवलं. आता पाकिटात चिठ्ठी असते, मी लिथियमवर आहे, या गोळ्या चालत नाहीत. लिथियम घेणाऱ्या कोणी हे वाचत असेल तर बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी एवढं राहू दे.

तर वही. जूनमध्ये मॅडमनी ती पूर्ण वाचली, समोर बसून, पानं उलटत. माझ्याच अक्षरात होतं: दोन तास. पाऊण तास. चार तास. प्रत्येकाच्या आधी कोणाचा तरी फोन, कोणाची तरी नजर, कोणाचं तरी उशिरा येणं. झोप सात तास, सात तास, साडेसहा. हायपोमॅनिया, म्हणजे मॅनियाचं सौम्य रूप, म्हणायला निदान चार दिवस सलग पाहिजे, मॅनियाला आठवडा, डिप्रेशनला दोन आठवडे. दोन तासांत मॅनिया येऊन जात नाही. मग त्यांनी बॉर्डरलाईनची नऊ लक्षणं एकेक करून विचारली, पाच असली तर निदान होतं, माझी सात निघाली. साधारण पाचातल्या एका बायपोलर पेशंटला हे दुसरं पण असतं म्हणाल्या. बॉर्डरलाईन हे नाव पण फसवं आहे, १९३८ मध्ये एका मनोविश्लेषकाने असे पेशंट न्यूरोसिस (चिंता वगैरे, पण भान शाबूत) आणि सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) यांच्या सीमेवरचे म्हणून ते वापरलं, ती कल्पना मागे पडली, नाव चिकटून बसलं. आणि पुरुषांत हे ओळखलं जात नाही बऱ्याचदा, कारण बाप्याने फोन फोडला तर तो तापट, डोकं फिरलेला, बास.

ऐकून आधी सुटल्यासारखं वाटलं आणि बसमध्ये चढेपर्यंत भयंकर लाज वाटली. बायपोलर म्हणजे मला काहीतरी झालंय. पर्सनॅलिटी म्हणजे मीच तसा आहे, असं काहीसं. मी मॅडमना रात्री मेसेज केला की मी माणूस म्हणूनच डिफेक्टिव्ह पीस आहे का. त्यांनी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, आणि ती रात्र कशी गेली ते वहीत आहे.

त्यांचं उत्तर मी माझ्या भाषेत सांगतो कारण मला ते असंच कळलं. व्हर्नियरचं लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिलिमीटर असतं. मायक्रोमीटरचं ०.०१. ०.००१ चा डायल गेज असतो तो त्याहून बारीक, टेबलाला कोणी टेकलं तरी काटा हलतो. माझा काटा जन्मतःच बारीक बसवलेला आहे. गेज खराब नाही. पण त्याला दगडाच्या ओट्यावर ठेवायला पाहिजे होतं आणि मी लहानपणी हलत्या टेबलावर होतो. मी सहा वर्षांचा असताना आई आजारी पडली, मला येवल्याला मावशीकडे "दोन दिवस" म्हणून सोडलं आणि ते दोन दिवस चौदा महिने चालले. कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. रडलो की मात्र सगळे म्हणायचे रडायला काय झालं. आईला हे परवा परवा बोललो तर ती पटकन म्हणाली, "तुला काय कमी होतं तिथं?" म्हणजे तेच. तीस वर्षांनी तेच वाक्य. तिची चूक म्हणत नाही मी, ती तेव्हा दवाखान्यात होती, तिलाही कोणी विचारलं नसेल.

या दुसऱ्या आजारावर गोळी नाही. म्हणजे सोबतच्या त्रासाला देतात, पण यावरच अशी मंजूर झालेली गोळी नाही. थेरपी आहे, डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी म्हणतात, मार्शा लिनेहान नावाच्या अमेरिकन बाईंनी काढलेली. त्या बाई स्वतः तरुणपणी याच सगळ्यातून गेल्या होत्या आणि हे त्यांनी जाहीरपणे २०११ मध्ये सांगितलं. मला ते वाचून फार आधार वाटला, स्वतः बुडता बुडता पोहायला शिकलेल्या बाईने काढलेलं हे. कॉलेज रोडला एक काउन्सेलर करतात, सेशनचे बाराशे. दर आठवड्याला परवडेना म्हणून पंधरा दिवसांनी जातो, मधल्या आठवड्यात फोनवर वीस मिनिटं.

पहिलं शिकवलं ते इतकं साधं की मला पैसे फुकट गेल्यासारखं वाटलं. उकळी आली की तोंड थंडगार पाण्यात घालायचं, श्वास धरून, अर्धा मिनिट. ठोके खाली येतात, शरीराचीच तशी सोय आहे. हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घरी फ्रिजच्या पाण्याचं घमेलं, कंपनीत कूलरच्या नळाखाली रुमाल ओला करून. पोरं म्हणतात भो किती गरम होतं तुला. विरुद्ध कृती म्हणून एक आहे, म्हणजे भावना जे करायला लावते त्याच्या उलट करायचं, अकरावा मेसेज टाईप झाला की फोन पोरीच्या हातात देऊन तिची चित्रं बघायची. कधी जमतं, कधी चित्रं बघताना पण अर्धा डोळा फोनवर असतो. आणि "आहे ते आहे" हे मान्य करण्याचा प्रकार, तो मला अजिबात जमत नाही, दोन लाख गेले ते गेले हे मी तोंडाने म्हणतो आणि रात्री परत हिशोब करतो.

सगळ्यात उपयोगी पडलं ते मात्र काउन्सेलरनी नाही, अण्णांनी दिलं. त्यांना एकदा सेशनला नेलं होतं. त्या समजावत होत्या की एक आजार आठवड्यांचा आहे आणि एक तासांचा. अण्णा मूळचे पंचवटीचे, वाड्यात वाढलेले, पुराचं पाणी दारापर्यंत बघितलेले. ते मधेच म्हणाले, "म्हणजे एक गंगापूर धरणाचं पाणी आणि एक सराफ बाजारातलं."

काउन्सेलर मुंबईच्या, त्यांना कळलं नाही. नाशिककरांना लगेच कळेल. गोदेला पूर येतो तो वरून पाणी सोडलं म्हणून, आधी सूचना येते, विसर्ग वाढतो, पाणी चढत चढत जातं, रामकुंडावर दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे, तिच्यावरूनच पूर मोजतात, तिच्या गुडघ्याला, कंबरेला, छातीला, आणि ओसरायला पण वेळ घेतं. २०१९ ला आला तसा. आणि सराफ बाजारातलं पाणी म्हणजे सरस्वती नाला तुंबतो, अर्ध्या तासाच्या पावसात दुकानात पाणी, लोक गाड्या धरून उभे, आणि तासा दोन तासांत उतरलं की परत शटर वर. नुकसान दोन्हीकडे होतं. पण सराफ बाजारात पाणी शिरलं म्हणून कोणी धरणाचे दरवाजे बंद करायला धावत नाही.

तेव्हापासून घरात "गोळी घेतली का" बंद करायचं ठरलं. त्याऐवजी अण्णा सकाळी चहाला विचारतात, आज पाणी कुठपर्यंत? मी मारुतीप्रमाणे सांगतो. घोटा, गुडघा, कंबर. सलग तीन दिवस कंबरेच्या वर गेलं किंवा झोप पाच तासांच्या खाली आली तर मॅडमना फोन, यात माझं मत विचारायचं नाही, असं मीच बरा असताना लिहून दिलंय, हिच्याकडे कागद आहे. गाडीची किल्ली आणि बँकेचं ॲप पण तेव्हा तिच्याकडे. आणि सराफ बाजार असेल तर कोणी डॉक्टरला फोन करत नाही, मला एकटं सोडतात, म्हणजे खोलीत एकटं, घरात नाही. ही एकच गोष्ट सांगून जाते, "मी इथेच आहे, पण आत्ता बोलणार नाही." ते वाक्य आम्ही सेशनमध्ये बसून बनवलं. पहिल्या भागाशिवाय दुसरा भाग बोलला तर माझा स्फोट होतो.

नेहमी इतकं सरळ नसतं पण. गेल्या दिवाळीच्या आधी दोन्ही एकदम आले. झोप चार तासांवर आली होती, बोनसचे प्लॅन चालू झाले होते, आणि त्यात हिच्याशी माहेरी जाण्यावरून भांडण. मला कळेना, वही बघून पण कळेना. अंगात ताकद मॅनियाची आणि डोक्यात जगायलाच नको. हे सगळ्यात धोक्याचं असतं कारण नुसत्या डिप्रेशनमध्ये उठायची पण ताकद नसते. रात्री दीडला मी टेलिमानसला फोन केला, १४४१६, सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. पलीकडच्या माणसाने विशेष काही शहाणपण सांगितलं नाही. विचारलं घरात कोण आहे, त्यांना उठवू शकता का. मी म्हणलं सगळे झोपलेत, कशाला. तो म्हणाला उठवा, मी लाईनवर थांबतो. आणि थांबला. ही उठली. सकाळी मॅडमकडे, पंधरा दिवस गोळ्या वाढवल्या, सुट्टी टाकली, फराळ आईने एकटीने केला.

फुटलेल्या तिसऱ्या फोनबद्दल मी हिची माफी मागितली ती फार उशिरा. त्याआधी मी माफी मागायचो ती अशी की तिलाच मला समजवायला लागायचं, मी किती वाईट, मी मेलेलाच बरा, मग ती रडायची नाही नाही म्हणून. काउन्सेलरनी ते बरोबर पकडलं. आता मी एवढंच म्हणतो की मी फोन फोडला, पोरगी घाबरली, पैसे मी भरतो. कुठल्या आजाराने फोडला ते म्हणत नाही. खरं तर मलाही माहिती नसतं दर वेळी. रिजेक्ट पार्टवर कारण लिहायचा रकाना असतो, कधी कधी तो रिकामाच राहतो, पार्ट मात्र आपल्याच लाईनचा असतो.

परवाच्या त्या दोनशे चाळीस नगांचं राहिलं. आईने गोळीचं विचारलं तेव्हा मी तोंड उघडणार तेवढ्यात हीच म्हणाली, "आई, आज ते खरंच बरोबर आहेत, सही नाहीये त्यांची." मला इतकं बरं वाटलं की डोळ्यात पाणी आलं, आणि त्या पाण्याकडे बघून लगेच तिच्याच चेहऱ्यावर काळजी. मी म्हणलं काही नाही गं, घोटा पण नाही. तरी वहीत लिहिलं. वीस मिनिटं, आधी काय झालं: बायकोने बाजू घेतली, झोप सात तास.

मंगळवारी लिथियमची टेस्ट आहे. सोमवारी रात्री नऊला गोळी, मंगळवारी सकाळी नऊला रक्त, पहिल्या शिफ्टचं गेटपास काढायचं राहिलंय.